तो मराठा सुतार नव्हे

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत राधानगरी अभयारण्यावरचं पान वाचलं. फोटो सुरेख आहेत, धुक्यातल्या गव्याचा तर फारच. पण पानाच्या खालच्या कोपऱ्यात जांभळाच्या बारीक फांदीला लटकलेला एक लहानसा पक्षी आहे आणि त्याच्याखाली ‘मराठा सुतार’ असं नाव छापलंय. तो मराठा सुतार नव्हे. तो छोटा सुतार, इंग्रजीत ज्याला ब्राऊन-कॅप्ड पिग्मी वुडपेकर म्हणतात तो. एवढ्याशा चुकीसाठी पत्र कशाला, असं आपल्याला वाटेल. नेमकी हीच चूक मी गेल्या वर्षी केली आणि ती एका घरट्याच्या मुळावर आली, म्हणून लिहितोय.

आधी फोटोचं. मी पक्षीतज्ज्ञ नाही. शिवाजी उद्यमनगरात 34 वर्षं पॅटर्न मेकर म्हणून काम केलं. फौंड्रीत बिडाचा पार्ट ओतायचा तर अगोदर त्याचा लाकडी नमुना लागतो, तो आम्ही करायचो. बीड थंड होताना मीटरला साधारण 10 मिलिमीटर आकसतं, तेवढं माप लाकडात आधीच वाढवून धरावं लागतं. आयुष्य असं मिलिमीटरमध्ये गेल्यामुळं कुठलाही फोटो बघितला की माझी नजर मापाकडं जाते. आपल्या फोटोत पक्ष्याच्या अगदी लगत जांभळाचं एक अखंड पान आहे. चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत पक्षी त्या पानापेक्षा किंचितच लांब भरतो. आमच्या परड्यातल्या जांभळाची दहा पानं मी काढून मोजली. 11 ते 12 सेंटिमीटर निघाली. म्हणजे पक्षी 13 सेंटिमीटरच्या आसपास. छोटा सुतार तेवढाच असतो, घरातल्या चिमणीहूनही लहान. मराठा सुतार 17-18 सेंटिमीटरचा, बुलबुलाच्या जवळपास जाणारा. 13 आणि 18 यात केवढा फरक आहे तो पट्टी हातात धरल्यावर कळतो.

माप सोडा, रंग बघा. मराठा सुताराच्या कपाळावर पिवळट झाक असते, नराच्या डोक्याच्या मागच्या भागावर लाल टोपी, आणि नर असो मादी असो, पोटाच्या खालच्या बाजूला लाल ठिपका असतो. पाठ काळपट, तिच्यावर पांढऱ्या ठिपक्यांची दाटी. आपल्या फोटोतल्या पक्ष्याचं डोकं साधं तपकिरी आहे, ओल्या मातीसारखं. कपाळावर पिवळं नाही, पोटावर लाल नाही. पाठीवर तपकिरी आणि पांढरे आडवे पट्टे आहेत. डोळ्यापासून मागं मानेपर्यंत एक रुंद पांढरी पट्टी गेली आहे. आणि डोळा फिकट, जवळजवळ पांढरा. भिंग लावलंत तर डोळ्याभोवतीची बारीक लाल कडाही दिसेल. छपाई चांगली आहे आपली, मला ती दिसली.

‘मराठा’ हे नाव एवढं पटकन का चिकटतं, तेही समजू शकतो. लेथम नावाच्या इंग्रज अभ्यासकानं 1801 साली त्या पक्ष्याला शास्त्रीय नाव देताना त्यात ‘महारॅटेन्सिस’ घातलं. आपल्या मुलखाचं नाव असलेला पक्षी म्हणून आपल्याला त्याचं अप्रूप, आणि ते असावंच. पण त्यामुळं झालंय असं की ठिपक्यांचा कुठलाही लहान सुतार दिसला की कोल्हापूरकर त्याला मराठा करून मोकळे होतात. छोट्या सुताराला 1832 साली मिळालेल्या नावात ‘नॅनस’ असा शब्द आहे, त्याचा अर्थ नुसता ‘बुटका’. बिचाऱ्याला मुलूखही मिळाला नाही.

आता माझी चूक सांगतो. आमचं गाव पन्हाळा तालुक्यात, डोंगराच्या कुशीला. गावाबाहेर देवराई आहे. ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा, मधे दोन जुने उंबर, आणि देवळाच्या मागं एक म्हातारा पांगारा. निवृत्त झाल्यापासून मी अर्धा महिना कोल्हापुरात आणि अर्धा महिना गावी असतो. गेल्या वर्षी माघात सकाळी देवळाकडं जाताना पांगाऱ्याखाली पिवळसर भुसा पडलेला दिसला. रंध्याचा नव्हे, करवतीचाही नव्हे. तांदळाच्या कणीएवढ्या चिपा. वर बघितलं तर साधारण पाच पुरुष उंचीवर एक वाळकी फांदी तिरपी गेलेली, तिच्या खालच्या अंगाला एक गोल भोक सुरू झालेलं, आणि त्यात डोकं घालून एक पक्षी काम करत होता.

आधी मला ते सोनपाठी सुताराचं पिल्लू वाटलं. सोनपाठी कोल्हापुरात सगळ्यांच्या ओळखीचा आहे, विद्यापीठाच्या आवारात, नारळाच्या झाडांवर रोज ओरडत असतो. हा गैरसमज फार जणांचा असतो, म्हणून सांगतो: सुतार पक्ष्याचं पिल्लू घरट्यातून बाहेर पडतं तेव्हा ते जवळपास आईबापाएवढं झालेलं असतं. चिमणीएवढा सुतार फांदीवर काम करताना दिसला तर तो पुरा वाढलेला लहान जातीचा सुतारच. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. दोन दिवसांनी दुसराही तसाच पक्षी आला, दोघं पाळीनं काम करू लागले, तेव्हा पिल्लाची कल्पना सोडली. नातीच्या शाळेच्या तक्त्यावर ठिपक्यांचा मराठा सुतार होता. म्हटलं, हाच.

17 दिवस मी त्या पांगाऱ्याखाली जात होतो. लाकडात काम करणाऱ्यानं दुसऱ्या कारागिराचं काम बघत बसावं तसा बसायचो. एक आत असला की दुसरा आजूबाजूला बारीक डहाळ्यांवर फिरायचा, करंगळीएवढ्या फांदीच्या खालच्या अंगानं उलटा लटकून मुंग्या वेचायचा. मधूनच ‘टिक्-र्-र्-र्’ असा बारीक, घाईचा आवाज. ठोकण्याचा आवाज तर इतका हलका की वारा असला तर ऐकूच यायचा नाही. पानांवर पावसाचे पहिले टपोरे थेंब पडावेत तसा. पाळी बदलताना बाहेर आलेला पक्षी पांगाऱ्याला शेपटी टेकून क्षणभर थांबायचा. सुताराच्या शेपटीची मधली पिसं कडक असतात, तिपाईच्या पायासारखी ती खोडाला टेकवून तो जोर लावतो. पिसं झडायची वेळ आली तरी ही मधली जोडी सर्वात शेवटी झडते, बाकीची नवी येईपर्यंत टेकू सुटत नाही. हे मी नंतर वाचलं आणि त्या योजनेला मनातून हात जोडले.

आणखी एक वाचलं, तेही इथंच सांगतो. आम्हाला लहानपणापासून सांगत आले की सुताराच्या डोक्यात स्प्रिंगसारखं काहीतरी असतं, म्हणून त्याला धक्का बसत नाही. 2022 साली बेल्जियममधल्या संशोधकांनी युरोप-अमेरिकेतल्या तीन जातींचं ठोकणं अतिवेगवान कॅमेऱ्यानं टिपलं आणि दाखवलं की तसं काही नाही. डोकं आणि चोच मिळून एका घट्ट हातोड्यासारखं काम करतं. मला हे वाचून नवल वाटलं नाही. हातोड्याला रबर लावून खिळा कधी ठोकला जातो का? सगळा जोर रबरातच जिरेल. मेंदू वाचतो तो मुळातच लहान असल्यामुळं, असं त्यांचं म्हणणं.

फाल्गुन संपत आला. आमची यात्रा चैत्रात, जोतिबाच्या यात्रेच्या पाठोपाठ. त्याआधी देवराईची साफसफाई करायची म्हणून देवळात बैठक झाली. वाळक्या फांद्या सगळ्या उतरवायच्या असं ठरत होतं. एका जुन्या जाणत्यानं विचारलं, “आण्णा, तुमी लाकडातलं मानूस. त्या पांगाऱ्याच्या फांदीचं काय करायचं? पाखरू हाय म्हणं तिथं. पर उद्या कुणाच्या डोस्क्यात पडली तर?”

मी म्हणालो, “फांदी मेलेली आहे, तोडायला हरकत नाही. पाखरू मराठा सुतार आहे. माळावरच्या बाभळीत, आंब्यात कुठंही घर करतो तो. ही गेली तर दुसरी बघेल.”

मी एवढ्या ठामपणे बोललो की पुढं कुणी काही विचारलं नाही. ठरावावर माझीही सही आहे.

दोन दिवसांत 23 फांद्या उतरल्या. पांगाऱ्याची उतरली तेव्हा मी कोल्हापुरात होतो. तिसऱ्या दिवशी गेलो, तर फांदी सरपणाच्या ढिगात पडलेली. ओढून काढली. भोकाच्या खाली फांदी चिरली होती आणि आत भुशाच्या थरावर तीन पांढरी अंडी. दोन फुटलेली, एक धड पण गार. नखाएवढं.

त्या सकाळी जोडीतलं एक पाखरू पांगाऱ्यावर आलं. फांदी होती त्या जागी हवेत पंख फडफडवत थांबलं, जवळच्या खोडावर बसलं, परत उडून त्याच जागी आलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी आलं नाही.

फांदी मी कोल्हापुरात घरी आणली, लांबीत उभी चिरली आणि कामाच्या सवयीनं व्हर्निअर लावला. फांदीची जाडी 90 मिलिमीटर. दाराचा व्यास 38. कुठूनही मोजा, फरक अर्धा मिलिमीटर. आत आधी आडवं, मग खाली वळून 150 मिलिमीटर खोल गेलेलं, तळाशी थोडं रुंद. आतली बाजू कानस फिरवल्यासारखी गुळगुळीत. दार खालच्या अंगाला, म्हणजे पाऊस आत यायचा नाही. पण मी ज्याच्याकडं बघत राहिलो ते लाकूड होतं. बाहेरचं 12 मिलिमीटर कवच अजून टणक, आणि आतला गाभा बुरशीनं पोखरून असा भुसभुशीत झालेला की अंगठ्यानं दाबला तर खड्डा पडावा. या लाकडाला माझ्या कारखान्यात कुणी हात लावला नसता. पण त्या एवढ्याशा चोचीला जे लाकूड लागतं ते हेच: बाहेरून पिल्लं सांभाळण्याइतकं कणखर आणि आतून कोरता येण्याइतकं कुजलेलं. ताजी फांदी तिला झेपत नाही. फार कुजलेली टिकत नाही. 23 फांद्या आठवून बघितल्या. अशा जाडीच्या, अशा वयाच्या फांद्या देवराईत मग उरल्याच नव्हत्या.

त्यानंतर मी अभ्यासाला लागलो. 8 बाय 40 ची दुर्बीण घेतली. पक्षी मराठा नव्हता, हे पुढच्या महिन्यात कळलं. मराठा सुतारही वाळक्या लाकडातच घर करतो, पण तो उघड्या माळाचा, बाभळीबनाचा, शेताबांधाचा पक्षी. त्याचा मुलूख मोठा आहे. छोटा सुतार झाडीला धरून राहतो. त्याची सगळी मदार त्या बारीक वाळक्या फांद्यांवर. बैठकीत मी बरोबर नाव सांगितलं असतं, तर “दुसरी बघेल” हे वाक्य माझ्या तोंडून आलंच नसतं.

नर-मादीतला फरक ओळखायला मला तीन आठवडे लागले. नराच्या डोक्याच्या मागच्या बाजूला, डोळ्याच्या मागं, एक बारीक लाल रेघ असते. पिसांखाली झाकलेली. एका सकाळी वारा होता आणि नात सोबत होती. ती म्हणाली, “आबा, लाल! आत्ता दिसलं, आत्ता गेलं.” मला दिसलं नाही. पुढच्या झुळकीला डोक्यावरची पिसं उचलली गेली तेव्हा दिसलं, लाल दोऱ्याच्या तुकड्याएवढं.

आपल्या वाचकांपैकी कुणाला छोटा सुतार बघायचा असेल तर मोठी खोडं बघत बसू नये. माघ-फाल्गुनात पानगळ झालेली असते तेव्हा सकाळी सात ते नऊ या वेळात झाडाच्या वरच्या बारीक फांद्या बघाव्यात. राखी वल्गुली, चष्मेवाले, निखार असा लहान पक्ष्यांचा घोळका झाडाझाडांतून सरकत असेल तर हा बहुतेक वेळा त्यांच्या मागोमाग असतो. खोडावरून डोकं खाली करून उतरणारा निळसर पक्षी दिसला तर ती शिलींध्री. सुतार चढतो, मागं सरकत खाली येतो, पण डोकं खाली करून चालत उतरत नाही. वाळक्या फांदीत भोक दिसलं म्हणून ते सुताराचंच असंही नाही, तांबटही तशीच भोकं पाडतो. आणि राधानगरीत काळापांढरा, डोक्यावर मोठा तुरा, शेपटी तोडल्यासारखी आखूड, पंखावर बदामाच्या आकाराचे काळे ठिपके असा सुतार दिसला तर तो वेगळाच, हार्ट-स्पॉटेड वुडपेकर. तोही लहान, 16 सेंटिमीटरचा, त्यालाही लोक मराठा म्हणताना मी ऐकलंय.

सुतारानं सोडलेलं घर रिकामं राहत नाही, हेही लक्षात घ्यावं. वल्गुली त्यात राहते, पिवळ्या गळ्याची रानचिमणी राहते. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीनं पाडलेल्या याच रानचिमणीमुळं सलीम अलींना पक्ष्यांची गोडी लागली. या पाखरांना स्वतः लाकूड कोरता येत नाही. छोट्या सुताराच्या जोडीनं 17 दिवस राबून केलेली खोली पुढं कुणाच्या तरी कामी येते.

देवळाच्या मंडळींसमोर मी ती चिरलेली फांदी ठेवली आणि झालेली चूक कबूल केली. 1972 च्या वन्यजीव कायद्यात रानपाखराचं घरटं किंवा अंडी विस्कटणं शिकारीच्या व्याख्येत धरलंय, हेही वाचून दाखवलं. पण खरं सांगतो, कायद्यापेक्षा त्या फांदीनं काम केलं. लोक हातात घेऊन आत बोट घालून बघत होते. आता ठरलंय ते असं: यात्रेच्या वाटेवरची, देवळाच्या आणि शाळेच्या कौलांवर येणारी वाळकी फांदी तोडायची, त्यात दुमत नाही, माणसाचा जीव मोठा. पण ती तोडायची दिवाळीच्या सुमाराला, माघ ते वैशाख या काळात नाही. खोडाला लागून साफ न करता दोन हात ठोकळा ठेवायचा. आणि आतल्या रानातल्या फांद्यांना हात लावायचा नाही, त्या पडतील तेव्हा पडतील.

दिवाळीचा सुमार सोयीचा आहे, त्याला आणखी एक कारण आहे. मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून सलीम अली यांच्या जन्मदिवसापर्यंत, म्हणजे 5 ते 12 नोव्हेंबर, आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो. त्या आठवड्यात ठिकठिकाणी फोटोंची प्रदर्शनं होतात, व्याख्यानं होतात. माझी विनंती आहे की कोल्हापुरातल्या बागा, वसाहती, देवस्थानं यांनी त्याच आठवड्यात आपापल्या झाडांखाली उभं राहून कुठल्या फांदीत भोक आहे ते बघून घ्यावं आणि छाटणी तेव्हाच उरकावी. उन्हाळ्याच्या तोंडावर गाडी मागवून सरसकट फांद्या उतरवायची पद्धत बंद व्हावी. फांद्या उतरवणारी पोरं सांगितलं तेवढंच करतात, त्यांच्यावर राग नाही. सांगणाऱ्यानं आधी मान वर करून बघायला हवं.

आपल्याकडं मागणी एवढीच की येत्या रविवारी पुरवणीत दुरुस्ती छापावी. फोटो परत छापलात तर उत्तम, नाव खाली मोठ्या अक्षरात असू द्यावं: छोटा सुतार. शाळेतली मुलं अशी कात्रणं वहीत चिकटवतात, नातीनंही आपलं ते पान चिकटवलं होतं. मी पेन्सिलीनं नाव बदलून दिलंय. बाकीच्या वह्यांत अजून ‘मराठा’ असेल.

चार दिवसांपूर्वी गावी होतो. पांगाऱ्याकडं गेलो नाही, सवयीनं पाय तिकडं वळले तरी. शाळेमागच्या ऐनाचा दिवाळीत ठेवलेला एक वाळका ठोकळा आहे, त्याच्याखाली कणीएवढ्या चिपा पडलेल्या दिसल्या. वर भोकाची सुरुवात आहे, अजून बोटाच्या पेराएवढीच खोल. कुणाची आहे ते अर्धा तास थांबूनही दिसलं नाही. येत्या शनिवारी नातीला घेऊन परत जातोय.

आपला,
एक निवृत्त पॅटर्न मेकर,
कोल्हापूर